पाणीसाहेबांची चिनी पंगत

होणारे व्याही घरी येणार नाहीत, बाहेर कुठेतरी जेवायला भेटतील, असा निरोप आला तेव्हा पाणीसाहेबांना पहिला धक्का बसला. पुढे त्या रविवारी त्यांना एवढे धक्के बसायचे होते की हा पहिला त्यात कुठल्या कुठे वाहून गेला. पण ते बिचाऱ्यांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळे यालाच मोठा धक्का समजून ते बराच वेळ पंख्याखाली डोळे मिटून बसून राहिले.

पाणीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. नळाला पाणी आलं नाही की सगळी इमारत बादल्या घेऊन त्यांच्या दाराशी उभी राहायची, जणू ते पाणी त्यांनी स्वतः पिऊन टाकलं आहे. पाणी आलं तर मात्र त्यांचे आभार मानायला कुत्रंही फिरकत नसे. नव्या जोडण्यांच्या सगळ्या फायली त्यांच्या टेबलावरून जात. अशा टेबलावर बसूनही आपण कधी कोणाच्या एक कप चहाचे मिंधे झालो नाही, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. मनातूनच, कारण प्रामाणिकपणा ही फार गुपचूप करायची गोष्ट आहे, आणि गुपचूप केली की कोणाला कळत नाही, अशी त्यात मोठी पंचाईत आहे.

तर लेकीने मुलगा स्वतःच निवडला होता. मुलगा हसतमुख होता, नोकरी बरी होती, दातही चांगले होते. अडचण एकच, त्याचे वडील. ते निवृत्त ऑडिटर. बायको लवकर गेल्यामुळे मुलाला त्यांनी एकट्याने वाढवलं होतं आणि सगळी हयात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली होती. मुलासाठी आधी आलेलं एक स्थळ त्यांनी केवळ चहाच्या कपाच्या तळाशी साखर उरली म्हणून मोडलं, असं ऐकिवात होतं. ढवळायचा कंटाळा करणारी माणसं संसार काय करणार, असा त्यांचा सवाल होता. आणि याला उत्तर देणं कठीणच आहे म्हणा.

"बाबा, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही," लेक म्हणाली. "हे एवढं एक जेवण नीट पार पाडा. मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

हे वाक्य तिने मोबाइल मागताना आणि स्कूटर मागतानाही म्हटलं होतं. पण या वेळी तिचा आवाज जरासा कापला.  पाणीसाहेबांना लेक एकच होती, आणि तिने डोळ्यांत पाणी आणलं की त्यांना आपलं सगळं खातंच नालायक वाटू लागे.

जागा लेकीनेच सुचवली. गल्लीच्या टोकाला, लाँड्रीच्या शेजारी, एक चिनी कुटुंब खानावळ चालवत होतं. लालभडक नूडल्स आणि कढईतून उडणाऱ्या ज्वाळा असला तमाशा तिथे नव्हता. मालकाची आई रोज सकाळी उठून स्वतः पीठ मळते, स्वतः सारण करते, आणि तिला आवडेल तेच त्या दिवशी मिळतं, अशी त्या जागेची ख्याती होती. पाणीसाहेब रोज त्या खानावळीवरून ऑफिसला जात, पण आत कधी गेले नव्हते. तरीही ऑडिटरसाहेबांशी फोनवर बोलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगदी अस्सल आहे हो. आमची नेहमीची जागा."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "नेहमीची? अहो, तुम्हाला तिथला दरवाजा आत उघडतो की बाहेर ते तरी माहीत आहे का?"

ही बातमी इमारतीत पसरायला एक संध्याकाळ पुरली आणि सल्ले सुरू झाले. सोसायटीचे सेक्रेटरी कधी कोणाच्या पुढ्यात न मागितलेलं मत ठेवल्याशिवाय झोपत नसत. त्यांनी सांगितलं की चिनी माणसापुढे काट्याचमच्याने खाल्लं की तो तुम्हाला अडाणी समजतो. काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, खाता आलंच पाहिजे. वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथ म्हणाले की काड्यांमुळे घास लहान होतो, लाळ सुटायला वेळ मिळतो, आणि जगातले निम्मे रोग चमच्यामुळे झाले आहेत. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तर आपल्या विणकामाच्या सुयाच सरावासाठी आणून दिल्या. त्यातली एक पाणीसाहेबांच्या अंगठ्यात घुसली आणि दुसरी सोफ्याच्या फटीत गेली ती गेलीच.

मग त्यांनी ऑफिसात दोन पेन्सिलींनी सराव केला. खोडरबर उचलायचा, टाचणीच्या डबीत टाकायचा. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. दुपारपर्यंत सगळ्या खात्यात चर्चा झाली की साहेबांच्या डाव्या बाजूला काहीतरी झालं आहे, आणि वरिष्ठांनी स्वतः येऊन त्यांना जीभ बाहेर काढायला लावली. पाणीसाहेबांनी काढली. वरिष्ठांपुढे दुसरं काय करणार?

रविवारी दुपारी मंडळी निघाली. पाणीसाहेब, बायको, लेक आणि पाणीसाहेबांची आई. आईला न्यायचं की नाही यावर घरात थोडी खडाजंगी झाली होती. आईचं वय झालेलं, ऐकू कमी येतं, आणि चिनी म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. पण पाणीसाहेबांचा आग्रह होता. घरची शिस्त बघायची असेल तर आईला बघा, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. पानात काही टाकायचं नाही. आवडो न आवडो, पोट भरलेलं असो नसो, शेवटचं शीत संपल्याशिवाय उठायचं नाही. लहानपणी पडवळाच्या एका फोडीपायी पाणीसाहेब संध्याकाळ होईपर्यंत पाटावर बसून राहिले होते, आणि आई समोर बसून भाजी निवडत होती. एक शब्द बोलली नव्हती. नुसती बघत होती. ती नजर अजून त्यांच्या घशात होती.

खानावळ छोटी होती. भिंतीला फिकट हिरवा रंग, स्वयंपाकघराच्या दाराला मण्यांचा पडदा, आणि एका कोपऱ्यात वाफेने घामाघूम झालेली काच. मध्ये एकच मोठं गोल टेबल होतं, त्यावर फिरणारी काचेची थाळी. ऑडिटरसाहेब आणि त्यांचा मुलगा आधीच येऊन बसले होते. ऑडिटरसाहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, मग वर आले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." हे त्यांचं स्वागत.

मालकाची बायको हसत आली. ती आणि मालक दोघंही याच गावात वाढलेले, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. मांस नको एवढं सांगितल्यावर तिने आज काय आहे ते सांगितलं. तळलेलं टोफू, काळ्या मशरूमची भाजी, आल्यातल्या पालेभाज्या, वांगं, भात. पाणीसाहेबांनी "नेहमीचंच आणा" असं रुबाबात म्हटलं. ती क्षणभर गोंधळली, पण शहाणी होती, गेली.

जेवण आलं आणि खरं सांगायचं तर फार छान होतं. वांगं तोंडात विरघळत होतं. काड्यांचं म्हणाल, तर पाणीसाहेबांनी पहिलाच टोफूचा तुकडा उचलला तो सरळ ऑडिटरसाहेबांच्या चहात पडला. ऑडिटरसाहेबांनी तो चमच्याने काढला, खाल्ला, वर चहाही पिऊन टाकला आणि म्हणाले, "वाया घालवायचं नाही. आमच्या घरचा नियम आहे."

"आमच्याही!" पाणीसाहेब जवळजवळ ओरडलेच. "आमच्याकडे पानात शीत उरत नाही. विचारा आईला."

मग काय, टेबलावर एक प्रकारची शर्यतच सुरू झाली. दोन्ही बाजूंनी वाट्या निपटल्या गेल्या. रस भाताने पुसून घेतला गेला. आईने मशरूमचा देठही सोडला नाही. जावईबापूंनी, म्हणजे होणाऱ्या, आल्याची काडी चघळून गिळली आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. शेवटी टेबलावर अशा ताटल्या राहिल्या की धुणाऱ्याला काम उरलं नसतं. ऑडिटरसाहेबांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू असावं. लेकीने बापाकडे बघून टेबलाखाली अंगठा वर केला. पाणीसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

नेमकं तेव्हा मण्यांच्या पडद्यातून एक म्हातारी डोकावली. बुटकी, केस घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तिने टेबलाकडे पाहिलं, ताटल्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती आत गेली. थोड्याच वेळात मालकाची बायको एक मोठी ताटली घेऊन आली. पातळ पारीत भाज्यांचं सारण भरून वाफवलेल्या छोट्या छोट्या पुरचुंड्या, म्हणजे डंपलिंग.

"आम्ही हे मागवलं नव्हतं," पाणीसाहेब म्हणाले.

"आजीने पाठवलंय. आजी पाठवते त्याचे पैसे नसतात."

ऑडिटरसाहेबांची मान हळूहळू वळली. "ओळख आहे वाटतं तुमची?"

"छे! ओळख कसली?"

"मघाशी नेहमीची जागा म्हणालात."

"नेहमीची, पण ओळख नाही."

"पस्तीस वर्षं ऑडिट केलं मी," ऑडिटरसाहेब म्हणाले. "फुकट काही येत नसतं, साहेब. फुकट आलं की मी कारण शोधायचो. आणि सापडायचं."

आणि त्याच क्षणी पाणीसाहेबांना कारण सापडलं.  ऑफिसात टेबलावर एक फाईल पडून होती. मोठ्या जोडणीसाठीचा अर्ज, याच गल्लीतला, याच टोकाचा! धंद्याची जागा, पाणी अपुरं पडतं, मोठा पाइप द्यावा. आपणच तिच्यावर शेरा मारून ती रोखून धरली होती. म्हणजे यांनी आपल्याला ओळखलं. म्हणजे ही ताटली... पाणीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सबंध नोकरीत चहाचा कप न घेतलेला माणूस, आणि आज भर रविवारी, वाफाळती लाच पुढ्यात, तीही व्याही ऑडिटर असताना!

परत पाठवावी, तर आई शेजारी बसलेली. तिने तोवर एक उचलूनही घेतलं होतं. "आलेलं अन्न परत करायचं नाही," ती म्हणाली. तिला ऐकू कमी येत असलं तरी अन्न आलेलं दिसत होतं. टाकून द्यावं, तर नियम. पाणीसाहेबांना एकच वाट दिसली. पुरावा नष्ट करायचा. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि दोन्ही हातांनी डंपलिंग तोंडात टाकायला सुरुवात केली. डोळे मोठे करून त्यांनी बायकोला खूण केली. तिला खूण कळली नाही, पण एवढ्या वर्षांच्या संसारात न कळता साथ द्यायला ती शिकली होती. बघता बघता ताटली लख्ख झाली.

पडदा सळसळला. म्हातारी पुन्हा डोकावली. या वेळी तिने तोंडावर हात धरला.

आणि नूडल्स आल्या. परातीएवढं भांडं होतं. वर तीळ, कोबी, कुरकुरीत कांदा, आणि खाली एवढ्या लांब नूडल्स की एक टोक तोंडात असताना दुसरं कुठे आहे याचा शोध घ्यावा लागे. "आजी म्हणते, लाजू नका," मालकाची बायको म्हणाली.

ऑडिटरसाहेब आता खुर्चीत ताठ बसले होते. ते खात होते, कारण नियम तो नियम, पण प्रत्येक घासागणिक ते पाणीसाहेबांकडे बघत होते. "तुमचं खातं पाण्याचं, नाही का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आणि या खानावळीला पाणी बरंच लागत असेल."

पाणीसाहेबांना नूडलचा ठसका लागला. लेकीने पाठीवर थोपटलं. तिलाही काहीतरी कळू लागलं होतं. तिने हळूच विचारलं, "बाबा, हे काय चाललंय? तुम्ही काही केलंय का?" आपल्या लेकीने हा प्रश्न विचारावा! पाणीसाहेबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी भांड्यातल्या उरलेल्या नूडल्सही आपल्याच वाटीत ओढल्या.

त्या संपल्या तेव्हा ते उठले. पँटचा हूक मघाशीच सुटला होता, म्हणून एक हात पोटावर धरून ते गल्ल्याजवळ गेले आणि मालकाच्या बायकोला दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता पुरे. मला हे चालत नाही."

"असं काय करता," ती हसून म्हणाली.

"नको म्हटलं ना!"

"बरं बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन सासूला काहीतरी सांगितलं. पाहुणे तीनदा नको म्हणतातच, आणि यजमानाने ते तीनदा ऐकायचं नसतं, ही त्यांच्याकडची रीत पाणीसाहेबांना कोण सांगणार? सेक्रेटरींना ठाऊक असती तर त्यांनी सांगितली असती. तेवढ्यात टेबलावर वाफाळत्या पावांची चळत आली. प्रत्येक पाव मुठीएवढा, आत तिळाचं पातळसर गोड सारण.

ऑडिटरसाहेबांनी एक पाव उचलला, बराच वेळ निरखून पाहिला आणि मुलाला म्हणाले, "घाई करू नये कशातच." मुलगा पांढराफटक पडला. लेकीने खाली मान घातली. तिच्या गालावरून एक थेंब वाटीत पडलेला पाणीसाहेबांना दिसला, आणि मग त्यांच्या अंगातला हेडक्लार्क जागा झाला. पाव संपवून, होय, तो संपवूनच, ते तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मालक तिथे भाजी चिरत होता.

"हे बघा," पाणीसाहेब म्हणाले. रागाने त्यांचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "तुमच्या पाण्याच्या जोडणीचं काम नियमाप्रमाणे होईल. माझ्यावर असला दबाव आणू नका. मी लाच खात नाही! आजवर कधी खाल्ली नाही!"

 कोपऱ्यातल्या लहानशा टेबलावर एक जोडपं बसलं होतं, त्यांनी चमचे खाली ठेवले. पाणीसाहेबांच्या मिशीला तीळ चिकटलेला होता आणि हनुवटीवरून पावातला गोड रस ओघळत होता, त्यामुळे आजवर काही खाल्लं नाही हे म्हणणं कोणाला फारसं पटलं नसावं.

मालकाने सुरी खाली ठेवली. "कसली जोडणी?"

"मोठ्या पाइपाची! तुमचा अर्ज!"

"तो शेजारच्या लाँड्रीचा असेल. आम्हाला पाणी भरपूर आहे. तुम्ही पाण्याच्या ऑफिसात आहात हे मला आत्ता कळतंय."

पाणीसाहेबांचे डोळे पांढरे झाले. बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण आतून शब्द यायला जागाच नव्हती. आणि आता मालक तापला. हात पुसत तो बाहेर आला तो थेट टेबलापाशी.

"लाच म्हणता? माझी आई आत रडतेय! चाळीस वर्षं झाली तिला स्वयंपाक करताना. आजवर एक माणूस तिच्या टेबलावरून उपाशी उठलेला नाही. आणि तुम्ही? पाठवलं की पुसून रिकामं! पुन्हा पाठवलं, पुन्हा रिकामं! आमच्याकडे ताटली रिकामी ठेवली म्हणजे कमी पडलं, असं होतं. थोडं उरवायचं असतं, मग आम्ही समजतो पोट भरलं. तिने घरातलं सगळं पीठ संपवलं तुमच्यापायी. ती म्हणते, ही माणसं कुठून आली आहेत, कधीची जेवलेली नाहीत!"

 पाणीसाहेबांची बायको कपाळाला हात लावून बसली. जावईबापूंनी पाव अर्ध्या वाटेत धरून ठेवला. ऑडिटरसाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र असा भाव होता की हयातभर तपासलेल्या सगळ्या वह्या उलट्या धरून वाचल्या, असं कोणीतरी त्यांना आत्ताच सांगितलं आहे. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे... हे जे आम्ही..."

"अपमान होता," मालक म्हणाला.

तेवढ्यात पडदा सरकला आणि म्हातारी स्वतः बाहेर आली. डोळे लाल, हातात डंपलिंगची एक ताटली. मालकाने ती ताटली पाहिली आणि त्याचा राग एकदम ओसरला. "ही आमच्या घरच्यांच्या जेवणाची आहे," तो हळूच म्हणाला. म्हातारीने ती टेबलाच्या मधोमध ठेवली. मग पाणीसाहेबांसमोर वाकली, त्यांच्या पोटाकडे नजर टाकली, आणि उपास पडलेल्या लेकराकडे बघावं तशी बघत राहिली.

आता काय करायचं ते स्पष्ट होतं. थोडं खायचं आणि थोडं टाकायचं. एवढं सोपं काम जगात दुसरं नसेल. ऑडिटरसाहेबांनी पुढाकार घेतला. एक डंपलिंग घेतलं, अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं ताटलीत ठेवलं आणि हात मागे घेतला. हात मागे राहिना. बोटं आपोआप पुढे गेली, अर्धं डंपलिंग उचललं गेलं, तोंडात गेलं. ते स्वतःच हबकून आपल्या बोटांकडे बघू लागले. पाणीसाहेबांनी प्रयत्न केला. दात आवळले, खुर्चीचा दांडा घट्ट धरला, दुसरीकडे पाहिलं. घशात ती जुनी नजर टोचू लागली आणि पाच मोजायच्या आत डंपलिंग पोटात गेलेलं होतं. बायकोचंही तेच झालं. लेकीने तर रडत रडत संपवलं. एकेक करत ताटली पुन्हा रिकामी होत चालली, आणि म्हातारीचा चेहरा पुन्हा पडू लागला. एक डंपलिंग उरलं. सगळे त्याच्याकडे बघत बसले आणि कोणाचाच स्वतःवर विश्वास राहिला नाही.

आईने हात पुढे केला. ते डंपलिंग घेतलं. सावकाश एक घास खाल्ला. मग उरलेला तुकडा आपल्या ताटलीत ठेवला आणि ताटली दोन बोटांनी पुढे सरकवली.

पाणीसाहेब आईकडे बघत राहिले. ती आत्ता हात पुढे करेल, मग करेल, असं वाटून ते थांबले. आईने हात पदरात घेतले आणि खुर्चीला टेकली. "भरलं हो बाई पोट," ती म्हातारीला म्हणाली. म्हातारीला भाषा कळली नाही, पण ताटली दिसली. तिने एक मोठा सुस्कारा सोडला, जवळची खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच बसली.

"आई!" पाणीसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तू... तू पानात टाकलंस?"

"टाकलं."

"अगं, पण नियम! तुझाच ना नियम!"

"माझा कुठला?" आई म्हणाली. "तुझ्या वडिलांचा. मला त्या शेवटच्या घासाचा जन्मभर वैताग. नववधू होते तेव्हापासून गिळत आले. ते गेल्यावर सोडणार होते, पण तोवर तू माझ्याकडे बघून गिळायला लागला होतास. म्हटलं, चांगलं वळण आहे, राहू दे."

पाणीसाहेबांच्या डोळ्यांपुढून ती पडवळाची फोड, तो पाट, ती संध्याकाळ सगळं गरगरत गेलं. आईची ती नजर धाकाची नव्हतीच. तिच्याही तोंडात तेव्हा घास होता. त्यांना हसावं की रडावं कळेना, आणि पोट इतकं तुडुंब होतं की दोन्ही शक्य नव्हतं.

आई मात्र नातीकडे वळली होती. तिने नातीच्या गालावरचं ओघळलेलं पाणी पदराने पुसलं आणि, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐक गं. तिकडे गेलीस की जे नको असेल ते टाकायचं. गिळत बसायचं नाही. कोणी बघितलं तरी टाकायचं."

पाणीसाहेबांची पाचावर धारण बसली. लेक डोळे विस्फारून आजीकडे बघू लागली.  सगळं ज्या एका होकारासाठी चाललं होतं, तो होकार ज्यांच्या तोंडात होता त्यांच्याच समोर, त्यांच्याच घराबद्दल, आईने असं सांगून टाकलं होतं! आईला गप्प करावं, तर ती आपली आई. ऑडिटरसाहेबांची माफी मागावी, तर आई खोटं काही बोलली नव्हती.

ऑडिटरसाहेब त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. त्यांचा हात टेबलावर होता, ताटलीपासून वीतभर लांब, आणि त्यातलं मधलं बोट सारखं हलत होतं. शेवटी त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला, टेबलावरून उचलला आणि मांडीवर नेऊन ठेवला.

"आमच्या घरी आली की टाकू दे तिला," ते म्हणाले.  "मी बघणार नाही."